सोमवारी दिल्लीत उतरलात तर: साठीपुढच्या पाहुण्यांसाठी

वैष्णोदेवी झाली, हरिद्वार-ऋषिकेश झालं, परतीच्या गाडीला दीड दिवस उरला, तेवढ्यात दिल्ली उरकू. आपल्याकडचे बहुतेक निवृत्त लोक दिल्ली बघतात ती अशी. आणि हा दीड दिवस पुष्कळदा सोमवारी येतो, कारण शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून आधीचं सगळं पुढे ढकललेलं असतं.

केंद्र सरकारच्या नोकरीत माझी सत्तावीस वर्षं दिल्लीत गेली. साताऱ्याकडचे किती पाहुणे येऊन गेले याची मोजदाद नाही. पण एका सोमवारी माझे काका-काकू मला न सांगता सकाळीच रिक्षा करून लाल किल्ल्याला गेले. बंद दरवाज्यासमोर अर्धा तास उभे राहिले आणि तिथून लोटस टेंपलला गेले. तेही बंद. दुपारी दीडला घरी आले तेव्हा काकूंचे गुडघे सुजले होते आणि काका गप्प बसून होते. आयुष्यात एकदाच दिल्ली बघायला आलेल्या माणसाचा दिवस असा जाऊ नये, असं त्या दिवशी फार वाटलं. तेव्हापासून सोमवारी येणाऱ्या प्रत्येकाला जे सांगत आले, ते इथे लिहिते.

आधी वार बघा, मग यादी करा

सोमवारी काय बंद असतं ते कागदावर लिहून घ्या. लाल किल्ला. लोटस टेंपल. अक्षरधाम. राष्ट्रीय संग्रहालय. तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय. इंदिरा गांधींचं सफदरजंग मार्गावरचं घर. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या जिथे झाली ते बिर्ला हाऊस, म्हणजे आताची गांधी स्मृती. रेल्वे संग्रहालय. आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन. बाबासाहेबांनी ६ डिसेंबर १९५६ ला जिथे देह ठेवला त्या २६, अलीपूर रोडवरचं राष्ट्रीय स्मारकसुद्धा. ज्यांना तिथे डोकं टेकायचंच आहे, त्यांनी तिकीट काढतानाच मंगळवार हाताशी ठेवावा.

प्राणिसंग्रहालयाची सुट्टी शुक्रवारी असते. बाजारांचे वार आणखी वेगळे. करोल बाग, लाजपत नगर, सरोजिनी नगर सोमवारी बंद, तर चांदणी चौक आणि कॅनॉट प्लेसमधली बरीचशी दुकानं रविवारी. म्हणजे सोमवारी सुनेसाठी काही घ्यायचं असेल तर चांदणी चौक किंवा जनपथ, करोल बागेत हेलपाटा घालू नका.

आता सोमवारी उघडं काय, तेही लिहा: कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, सुंदर नर्सरी, लोदी गार्डन, सफदरजंगचा मकबरा, पुराना किला, जंतरमंतर, अग्रसेन की बावली, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक, बिर्ला मंदिर, सगळे गुरुद्वारे, आयएनए मेट्रो स्टेशनजवळची दिल्ली हाट, म्हणजे हस्तकलांचा बाजार. यातल्या तिघांचा जरी मन लावून दिवस केला तरी संध्याकाळी पाय बोलायला लागतात. आणि माझ्या मते, गर्दी आणि तपासणीच्या रांगा धरल्या तर आपल्या वयाला लाल किल्ल्यापेक्षा यातलंच बरंचसं जास्त मानवतं.

‘आज बंद है’ कोण म्हणतंय?

नवी दिल्ली स्टेशनबाहेर आणि कॅनॉट प्लेसच्या आसपास स्वच्छ कपड्यांतला, गोड बोलणारा एखादा माणूस हमखास भेटतो. ‘अंकलजी, वो तो आज बंद है, मैं दूसरी अच्छी जगह दिखाता हूँ.’ उघडी असलेली जागासुद्धा तो बंद सांगतो. पुढे ‘सरकारी पर्यटन कार्यालय’ अशी पाटी लावलेल्या खासगी दुकानात नेतो आणि तिथे गाडी, हॉटेल, आग्र्याची सहल गळ्यात मारली जाते. माझ्या एका मावसभावाचे यात बरेच पैसे गेले. सोमवारी हा धोका जास्त, कारण अर्ध्या जागा खरंच बंद असल्याने माणसाचा विश्वास बसतो. म्हणूनच वरची यादी खिशात हवी. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय ८८, जनपथ इथे आहे. काही विचारायचं असेल तर तिथे जाऊन विचारा. रस्त्यावर कोणी बोललंच तर ‘नहीं भैया, धन्यवाद’ म्हणून चालत राहायचं, थांबायचं नाही.

एक दिवस, एकच भाग

दिल्लीत अंतरं फसवतात. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन जागांमध्ये पाऊण तास जातो. तेव्हा सकाळी एक भाग, दुपारी विश्रांती, संध्याकाळी एक जागा, एवढंच ठेवा. सोमवारच्या सकाळसाठी मला सगळ्यात आवडणारा भाग पटेल चौक मेट्रो स्टेशनपासून सुरू होतो.

पटेल चौकला उतरून थोडं चाललं की जंतरमंतर. जयपूरच्या सवाई जयसिंहाने १७२४ मध्ये बांधलेली ही वेधशाळा. मधलं सम्राट यंत्र म्हणजे जवळजवळ ७० फूट उंचीचं सूर्यघड्याळ. इथे घाईने फोटो काढून निघू नका. सकाळी ऊन असेल तर सावली कुठे पडते ते बघा, पाच-दहा मिनिटं थांबा, ती सरकलेली डोळ्यांना दिसते. शाळेत भूगोल शिकवलेले एक शेजारी इथे तासभर रमले होते आणि बाकीच्यांना यंत्रं समजावून सांगत होते. जागा सपाट आहे, बसायला हिरवळ आहे.

तिथून बांगला साहिब गुरुद्वारा जवळच. चालवत नसेल तर रिक्षा. या गुरुद्वाऱ्याची जागा आपल्याशी कशी जोडलेली आहे, हे आपल्याकडच्या पाहुण्यांना बहुधा कोणी सांगत नाही. इथे मिर्झाराजे जयसिंहांचा बंगला होता, म्हणूनच नाव ‘बांगला साहिब’. १६६४ मध्ये शिखांचे आठवे गुरू हरकृष्णजी, वयाने अगदी लहान, या बंगल्यात उतरले होते. शहरात पटकी आणि देवीची साथ होती. त्यांनी आजाऱ्यांना इथलं पाणी दिलं, सेवा केली आणि त्याच साथीत त्यांचं निधन झालं. हेच मिर्झाराजे पुढच्या वर्षी दक्षिणेत उतरले आणि जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. पुरंदरच्या पायथ्याशी ज्यांचा तळ होता त्यांच्या अंगणात आपण उभे आहोत, हे माहीत असलं की सरोवराकाठी बसण्याला वेगळाच अर्थ येतो. मला तरी प्रत्येक वेळी येतो. जंतरमंतर बांधणारे सवाई जयसिंह याच घराण्यातले, नंतरच्या पिढीतले. दोन्ही जागा एवढ्या जवळ का, ते यावरून कळेल.

गुरुद्वाऱ्यात जाताना: चपला जोडाघरात द्यायच्या, टोकन नीट ठेवायचं. डोकं झाकायला रुमाल तिथे मिळतो, पण आपली ओढणी किंवा स्वच्छ रुमाल असला तर बरा. आत शिरताना पाय धुवायला पाण्याची उथळ पन्हळ ओलांडावी लागते. डिसेंबर-जानेवारीत ते पाणी आणि पुढची संगमरवरी फरशी बर्फासारखी लागते, तेव्हा मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवा आणि बाहेर आल्यावर घाला. मधुमेह असलेल्यांनी पाय पुसून कोरडे करायला विसरू नये. लंगरमध्ये जमिनीवर पंगत बसते. मांडी घालता येत नसेल तर सेवादारांना तसं सांगा, संकोचू नका. वाढताना पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची आणि ताटात काही टाकायचं नाही. ज्यांना थोडी सेवा करावीशी वाटते त्यांना पोळ्या लाटायला बसू देतात. माझ्या आईने इथे पाऊण तास पोळ्या लाटल्या होत्या आणि दिल्लीतलं काय आवडलं असं विचारलं की ती तेच सांगायची.

गुरुद्वाऱ्यापासून जवळच, बाबा खडकसिंग मार्गावरच्या हनुमान मंदिरात १ ऑगस्ट १९६४ पासून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा जप अखंड चालू आहे. आपल्याकडे घराघरात म्हटला जाणारा हाच त्रयोदशाक्षरी मंत्र. सोमवारी तिथे निवांत बसता येतं, मंगळवारी मात्र पाय ठेवायला जागा नसते.

जोर उरला असेल तर कस्तुरबा गांधी मार्गाकडे रिक्षा करा. हेली रोडवर अग्रसेन की बावली आहे, शंभराहून जास्त पायऱ्यांची खोल विहीर. उतरायची गरज नाही. वरच्या पायरीवरून पूर्ण दिसते आणि छान दिसते. शिवाय जे उतरतात त्यांना चढावंही लागतं. याच कस्तुरबा गांधी मार्गावर नवीन महाराष्ट्र सदन आहे. आठ दिवस राजमा आणि छोले खाऊन कंटाळलेल्या माणसाला तिथल्या उपाहारगृहात मराठी जेवण मिळालं की चेहरा बदलतो. ओळखपत्र जवळ असू द्या. राहण्याची खोली हवी असेल तर ती आयत्या वेळी मिळण्यातली नाही, आरक्षण आधीच करावं लागतं.

जेवण झालं की खोलीवर जा आणि दोन तास झोपा. खरंच झोपा. दुपारची विश्रांती सोडलेल्या पाहुण्यांना मी संध्याकाळी आजारी पडताना बघितलं आहे.

दुसरा मार्ग: मथुरा रोड

ज्यांना देवळं-गुरुद्वारे सहलीत भरपूर झालेत, त्यांनी सकाळ हुमायूनच्या मकबऱ्याला द्यावी. ही इमारत हुमायूनची राणी बेगा बेगम हिने सोळाव्या शतकात उभी केली, ताजमहालाच्या कितीतरी आधी. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला. बाग सपाट आहे, पण मुख्य चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर चढू नका. खाली पाण्याच्या पाटाजवळ बसून इमारत जास्त चांगली दिसते, आणि फाटकातून आत आल्यावर उजवीकडे ईसा खानची कबर आहे, ती तर हुमायूनच्याही आधीची, १५४७ ची. ती जरूर बघा, बहुतेक लोक घाईत चुकवतात.

रस्त्याच्या पलीकडे सुंदर नर्सरी. सुमारे ९० एकरांची बाग, २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रस्ते गुळगुळीत, बाकडी भरपूर, चाकाची खुर्ची सहज फिरते. फेब्रुवारीत फुलं बहरात असतात. ज्येष्ठांसाठी दिल्लीत एकच जागा सुचव म्हटलं तर मी हिचं नाव घेईन. पुराना किला याच रस्त्यावर पुढे आहे. तिथे शेर मंडल नावाची बुटकी अष्टकोनी इमारत दिसेल. १५५६ मध्ये हुमायून तिच्याच पायऱ्यांवरून पडला आणि त्या दुखापतीने गेला. पण एकाच सकाळी तिन्ही जागा नकोत.

कुतुबमिनारबद्दल थोडक्यात: ७२.५ मीटर उंच, १९८१ मधल्या चेंगराचेंगरीनंतर आत चढणं बंद, त्यामुळे तरुणांसारखं वर जायला मिळालं नाही याची खंत बाळगायचं कारण नाही. लोहस्तंभ तिथेच आहे. कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनपासून मिनार चालण्याच्या अंतरावर नाही, रिक्षा लागते.

लोटस टेंपल बंद असूनही ज्यांचा जीव तिकडे ओढतो, त्यांनी कालकाजी मंदिर मेट्रो स्टेशनला उतरावं. कमळाचा आकार बाहेरूनही दिसतो आणि शेजारचं कालिकेचं देऊळ उघडं असतं. १७३७ च्या चैत्रात पहिले बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा त्यांची फौज याच कालिकेच्या जत्रेपाशी येऊन पोहोचली होती आणि नंतर तालकटोऱ्याच्या बाजूला सरकली. तालकटोऱ्यालाच फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

संध्याकाळ युद्ध स्मारकात

सूर्यास्ताच्या तासभर आधी राष्ट्रीय युद्ध स्मारकात पोहोचा. इंडिया गेटच्या मागेच आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्राला अर्पण झालं. प्रवेश विनामूल्य. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटांवर सोनेरी अक्षरांत पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं कोरलेली आहेत. साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांना मी मुद्दाम इथे आणते, कारण आपल्या गावातलं कोणी ना कोणी तिथे असतं. घरातल्या किंवा गावातल्या जवानाचं पूर्ण नाव, पलटण आणि साल लिहून आणा, म्हणजे शोधायला सोपं जातं. शेजारी परमयोद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे त्यांत आहेत.

इथे चालणं बरंच होतं. म्हणूनच दुपारी झोपा म्हटलं.

मेट्रो, गुडघे, स्वच्छतागृह

मेट्रोत ज्येष्ठांना भाड्यात सवलत नाही. राखीव जागा मात्र आहेत, आणि नम्रपणे मागितली तर तरुण मुलं उठतात. प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट आहे, फक्त ती कुठल्या प्रवेशद्वाराला आहे ते आधी विचारा, नाहीतर भर रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं. गाडीचा पहिला डबा बायकांचा. जोडप्याने आपसात आधीच ठरवावं: दोघं एकत्र दुसऱ्या डब्यात, की त्या पहिल्यात आणि हे मागे. वेगळे बसलात तर कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते दोघांनाही पाठ हवं. राजीव चौकात गर्दीत चुकामूक झालेली जोडपी मी बघितली आहेत. सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ राजीव चौक टाळाच.

स्वच्छतागृहाचा प्रश्न बायका बोलत नाहीत आणि त्यासाठी पाणी पिणं टाळतात. असं करू नका. गुरुद्वारा, दिल्ली हाट, सुंदर नर्सरी आणि मोठी मेट्रो स्टेशनं इथे सोय आहे. त्यांच्या भोवती दिवस आखा.

पुरातत्त्व खात्याच्या जागांची तिकिटं भारतीयांना पन्नास रुपयांच्या आत पडतात आणि मोबाइलवरून काढली तर आणखी थोडी स्वस्त. रांग टळते, हा खरा फायदा.

सोमवार नसूनही बंद

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कर्तव्य पथ आणि इंडिया गेटचा परिसर संचलनाच्या तालमींसाठी वरचेवर अडवला जातो. २३ तारखेला पूर्ण तालीम, २६ ला संचलन, २९ ला बीटिंग रिट्रीट. लाल किल्लाही त्या दिवसांत पुष्कळदा बंद असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी तर असतोच. परदेशी पाहुण्यांची मोठी बैठक असली तरी तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० साठी नवी दिल्लीचा मधला भाग तीन दिवस जवळजवळ बंद होता. अशा वेळी दक्षिणेकडचा कुतुब किंवा लोदी गार्डन गाठा, मध्यभागाकडे फिरकू नका.

जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा येतात. दिवाळीनंतरचे काही आठवडे हवा इतकी खराब असते की दम्याच्या माणसाने येऊच नये. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. तेव्हा राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही उघडं असतं. सोमवार सोडून, अर्थातच.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया. तिकीट काढताना तो पर्याय निवडायला मुलांना आठवण करा.

आणि लाल किल्ला?

मंगळवारी संध्याकाळची गाडी असेल तर तो चुकत नाही. किल्ला साडेनऊला उघडतो. मेट्रोने लाल किला स्टेशनला उतरून पहिल्या अर्ध्या तासात आत जा, ऊन आणि गर्दी दोन्ही कमी. दिवाण-ए-खासमध्ये वर बघा. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतल्यावर फौजेच्या खर्चासाठी याच छताची चांदी उतरवली होती. पाचच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. बाहेर आल्यावर चांदणी चौकात सायकल रिक्षा करा. सकाळी नऊ ते रात्री नऊ मुख्य रस्त्यावर मोटारी येत नाहीत, त्यामुळे बसून निवांत बघता येतं. सीसगंज गुरुद्वारा रस्त्यावरच आहे, गुरू तेगबहादुरांनी १६७५ मध्ये जिथे बलिदान दिलं ती जागा.

सामान हॉटेलच्या खोलीत अडकवून ठेवू नका, स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. छोटी कुलपं घरूनच आणा, स्टेशनबाहेर दुप्पट भावाने घ्यावी लागतात.